नाईलच्या पाठीवर चार दिवस

ईजिप्तच्या नकाशात वरचा ईजिप्त खाली असतो आणि खालचा ईजिप्त वर. हा छापखान्याचा घोटाळा नव्हे, ही नाईलची करणी आहे. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तेव्हा तिच्या काठच्या लोकांना उगमाकडचा मुलूख तो वरचा आणि समुद्राकडचा तो खालचा. आपण घाटावरचे आणि खाली कोकणातले म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय निसर्गाने तिथल्या नावाड्यांची एक मोठी सोय करून ठेवली आहे. वारा बहुतकरून उत्तरेकडून येतो. म्हणजे समुद्राकडे जायचे तर होडी प्रवाहावर सोडून द्यावी, आणि उगमाकडे जायचे तर शीड उभारावे. जाताना वारा, येताना पाणी! प्राचीन ईजिप्तच्या चित्रलिपीत 'दक्षिणेस जाणे' लिहिताना शीड उभारलेली होडी काढीत आणि 'उत्तरेस जाणे' लिहिताना शीड उतरवलेली. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एकदा ही गोष्ट कळली म्हणजे ती नदी डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्याला चैन कसे पडावे?

तो योग गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आला. पाच वर्षे बाजूला टाकलेली रक्कम, महाविद्यालयाची सुट्टी आणि चिरंजीवांची शाळा या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या. सौ. ने एकच अट घातली, "आईला घरी एकटी ठेवून मी येणार नाही." सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. गुडघे कुरकुरतात, पण डोळे आणि कान शाबूत. त्यांनी स्वतः एवढेच विचारले, "बोटीत पोळी मिळते का?" आणि उत्तराची वाट न पाहता चकल्या, शेव आणि बेसनाचे लाडू यांचे दोन डबे भरले. अशा रीतीने आम्ही चौघे आणि दोन डबे, मुंबईहून कैरोला आणि कैरोहून अस्वानला जाऊन पोहोचलो.

नाईलवरचा बोटीचा प्रवास हा अस्वान आणि लुक्सर या दोन गावांमधला. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडे वर; मोटारीने गेले तर तीन-चार तासांचे काम. तेच आपण तीन रात्री आणि चार दिवस घालवून करायचे, आणि त्यासाठी पैसे जास्त मोजायचे! पण या सावकाशीचीच तर किंमत आहे. टॉमस कुक या इंग्रज व्यापाऱ्याने १८६९ मध्ये पर्यटकांना आगबोटीतून नाईलवर नेले आणि तेव्हापासून हा धंदा चालू आहे. अगाथा ख्रिस्ती बाईंनी १९३७ साली याच बोटींवर एक खून घडवून आणला आणि धंद्याला आणखी बरकत आली. आजची बोट म्हणजे सपाट बुडाची चार मजली इमारतच. खाली जेवणघर, मध्ये खोल्या, वर गच्ची आणि गच्चीवर पोहण्याचा हौद. धक्क्याला जागा थोडी आणि बोटी फार, म्हणून पाच-पाच सहा-सहा बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात. आपली बोट सहावी असली तर आधीच्या पाच बोटींच्या दिवाणखान्यांतून, तिथल्या मंडळींचा चहा-नाश्ता पाहत पाहत आपल्या घरी जावे लागते. सासूबाईंना हे फार आवडले. "अगदी आमच्या चाळीसारखं," त्या म्हणाल्या.

पोळीचा प्रश्नही पहिल्याच जेवणाला सुटला. तिथली पोळी जाडसर, फुगलेली, पोकळ पोटाची. तिचे नाव 'ऐश'. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ जगणे. तोच शब्द फिरत फिरत आपल्याकडे आला आणि आपण त्याचा अर्थ चैन असा करून टाकला! ईजिप्तच्या माणसाने मात्र तो भाकरीला दिला. मी हे जेवताना सविस्तर सांगू लागलो तेव्हा चिरंजीवांनी "बाबा, तास संपला," म्हणून मला थांबवले. पण त्या चार दिवसांत घरचे शब्द असे जागोजागी भेटत राहिले. बिल मागायचे तर 'हिसाब', बसायला 'कुर्सी', बाजारात 'दुक्कान', वही म्हणजे 'दफ्तर'. भाताबरोबर मसूर, शेवया, मॅकरोनी आणि तळलेला कांदा घातलेले 'कोशरी' नावाचे पक्वान्न खाताना आपल्या खिचडीची आठवण होते. तिचे नाते खिचडीशी जोडणारेही आहेत. शिवाय सकाळी घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची उसळ, आणि वर लाल अंबाडीच्या फुलांचे थंडगार आंबटगोड सरबत. शाकाहारी माणसाने ईजिप्तला जाण्यास भिण्याचे कारण नाही.

अस्वानला पहिल्या दिवशी फिलेचे देऊळ दाखवतात. इसिस देवीचे हे देऊळ बेटावर आहे, लहान मोटारहोडीतून जावे लागते. भिंतींवर नुसती चित्रलिपी दाटलेली. चित्रलिपीत कोरलेला सर्वांत शेवटचा ज्ञात लेख याच देवळात आहे. तारीख २४ ऑगस्ट ३९४. त्यानंतर हळूहळू ही लिपी जाणणारे संपले, आणि १८२२ मध्ये शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने तिचे कोडे उलगडीपर्यंत सुमारे चौदाशे वर्षे या भिंती मुक्या उभ्या होत्या. तीन हजारांहून अधिक वर्षे चाललेली लिपी आणि तिचा शेवटचा जाणकार! त्या माणसाने छिन्नी खाली ठेवली तेव्हा आपण शेवटचे आहोत हे त्याला ठाऊक असेल का, हा प्रश्न मला त्या दिवशी सोडीना.

मग आमच्या वाटाड्याने दुसरी गोष्ट सांगितली. आपण उभे आहोत ते मूळ बेटच नव्हे. १९०२ साली इंग्रजांच्या अमदानीत अस्वानला पहिले धरण झाले, तेव्हापासून हे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असे. पर्यटक होड्यांतून खांबांच्या माथ्यांमधून फिरत. पुढे मोठे धरण झाले. तेव्हा १९७० नंतरच्या दशकात देवळाभोवती बांध घालून, पाणी उपसून, दगडन् दगड सुटा करून ते शेजारच्या अगिल्किया नावाच्या बेटावर पुन्हा रचले. १९८० मध्ये ते लोकांना खुले झाले. "एवढं देऊळ उचललं?" सासूबाईंनी विचारले, आणि त्या एका खांबाला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटले, गुडघा दुखत असेल.

तिथून आम्ही मोठ्या धरणावर गेलो. वर रुंद रस्ता, एका बाजूला अरुंद नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र वाटावा असे पाणी. लांबी सुमारे ३,८३० मीटर, उंची १११ मीटर. याची हकिकत इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचलेली असते. अमेरिकेने जुलै १९५६ मध्ये पैसे देण्याचे नाकारले, तेव्हा नासर यांनी त्याच महिन्याच्या २६ तारखेला सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि जगभर खळबळ उडाली. मग रशियाच्या मदतीने १९६० मध्ये काम सुरू झाले आणि १९७० मध्ये पुरे झाले. मागे तुंबलेला जलाशय सुमारे पाचशे किलोमीटर लांब, थेट सुदानात गेलेला. या धरणामुळे पूर आटोक्यात आले, वीज आली, आणि १९८० च्या दशकात वरच्या देशांत भीषण अवर्षण पडले असताना ईजिप्तची पिके तगली. वाटाडा हे सारे आकडे घडाघडा सांगत होता. त्याचे सांगून झाले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, त्याला विचारा, खाली गावं किती गेली?"

आता इथे थोडे मागे जायला हवे. सासूबाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. नऊ वर्षांच्या असताना त्यांनी ते गाव सोडले. कोयनेचे धरण होत होते. गावे उठत होती. कोणी रायगडकडे गेले, कोणी ठाण्याकडे, कोणी सोलापूरच्या उन्हात. सासूबाईंचे वडील मुंबईला गिरणीत लागले. हे आम्हांला माहीत होते, पण आपले गोत्र माहीत असावे तसे. त्या कधी त्याविषयी बोलत नसत. आम्ही दोनदा बामणोलीला सहलीला गेलो, शिवसागर जलाशयात लाँचमधून फिरलो; दोन्ही वेळा त्या काठावर पिशव्या सांभाळत बसून राहिल्या. "मला बोट लागते," असे म्हणाल्या होत्या. आणि इथे नाईलवर तर बोटीत चढल्यापासून त्यांना काही म्हणता काही लागले नव्हते!

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. वाटाडा तिशी-पस्तिशीचा, काळासावळा, हसऱ्या डोळ्यांचा. तो एकदम गप्प झाला. मग माझ्याकडे न पाहता सासूबाईंकडे पाहून म्हणाला, "या हाग्गा, त्यातलं एक आमचं." हाग्गा म्हणजे हज करून आलेली, वडीलधाऱ्या बाईला तिथे आदराने असेच हाक मारतात.

तो नुबियन होता. अस्वानपासून दक्षिणेला नाईलच्या दोन्ही काठांनी या लोकांची वस्ती होती. त्यांची भाषा अरबीहून अगदी वेगळी, घरे मातीची, भिंतींवर रंगीत नक्षी आणि दारावर चिनी मातीच्या बश्या बसवलेल्या. १९६३ आणि १९६४ या दोन वर्षांत ईजिप्तच्या हद्दीतले सुमारे पन्नास हजार नुबियन लोक बोटींतून आणि गाड्यांतून हलवले गेले. सुदानच्या बाजूचे जवळजवळ तितकेच लोक वेगळे, आणि वादी हाल्फा हे अख्खे शहर पाण्याखाली गेले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अबू सिंबेलला गेलो. वाळवंटातून सुमारे २८० किलोमीटरची मोटार. तिथे दुसऱ्या रामसेस राजाच्या चार बैठ्या मूर्ती, प्रत्येकी सुमारे वीस मीटर उंच, डोंगराला पाठ लावून पाण्याकडे पाहत बसल्या आहेत. पण तो डोंगर माणसाने केलेला आहे! युनेस्कोने ८ मार्च १९६० रोजी साऱ्या जगाला हाक दिली, देशोदेशींहून पैसा आणि माणसे आली. १९६४ ते १९६८ या काळात हजारावर ठोकळे कापून, हे देऊळ मूळ जागेपासून सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन जसेच्या तसे मांडले. खर्च तेव्हाचे सुमारे चार कोटी डॉलर. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑक्टोबर महिन्यांत, सकाळचे ऊन पार गाभाऱ्यातल्या मूर्तींपर्यंत जाते. तेसुद्धा नव्या जागी साधले. फक्त एका दिवसाचा फरक पडला, असे सांगतात. आपल्या देशाचाही या कामाला हात लागला होता. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्वज्ञांचे एक पथक १९६२ मध्ये नुबियात उत्खननासाठी गेले होते. ईजिप्तने कृतज्ञता म्हणून काही लहान देवळे परदेशांना भेट दिली. एक आज माद्रिदला आहे, एक न्यूयॉर्कच्या संग्रहालयात.

माणसाच्या हातून झालेले हे मोठे आणि सुंदर काम आहे, यात मला शंका नाही. मी त्या मूर्तींपुढे अर्धा तास बसलो आणि मनातल्या मनात त्या कारागिरांना नमस्कार केला. पण मान वळवली की समोर ते निळे पाणी दिसे, आणि कालचा सासूबाईंचा प्रश्न आठवे.

त्या संध्याकाळी बोटीने अस्वान सोडले. नाईलवरच्या संध्याकाळीचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. एवढेच सांगतो की, काठाला खजुरीची आणि उसाची हिरवी पट्टी असते, तिच्या मागे लगेच पिवळे वाळवंट, आणि दोहोंमध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. हिरवळीत एक पाय आणि वाळूत एक पाय ठेवून माणूस उभा राहू शकेल. गच्चीवर चहा आला. सासूबाईंनी डबा उघडून वाटाड्याला लाडू दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. मग सौ. मध्ये बसली आणि तिच्या तोंडून त्या दोघांचे बोलणे सुरू झाले.

त्याची आजी गाव सोडताना तरुण होती. जायच्या आदल्या दिवशी सगळे गाव कबरस्तानात गेले. लोकांनी कबरींवर पाणी शिंपडले. आजीने घर झाडून घेतले, दाराला लाकडी कुलूप घातले आणि किल्ली बरोबर आणली. "बुडणाऱ्या घराला कुलूप कशाला, असं आम्ही तिला विचारायचो," तो म्हणाला. सासूबाई चटकन म्हणाल्या, "मोकळं कसं टाकायचं? माझ्या आईनं चूल सारवली होती."

सौ. हे वाक्य इंग्रजीत सांगायचे विसरली. तिने ते पहिल्यांदाच ऐकले होते. मग तिने डोळे पुसून सांगितले. चूल सारवणे परदेशी भाषेत सांगायला तिला बराच वेळ लागला, पण त्याला कळले असावे.

बोलत बोलत बोट कोम ओम्बोजवळ आली. इथले देऊळ अगदी काठावर, अर्धे मगरमुख्या सोबेक देवाचे आणि अर्धे ससाणामुख्या होरस देवाचे. गाभारे दोन, दारे दोन, सगळेच दुहेरी. रात्री दिव्यांत ते पिवळे दिसते. बाजूच्या संग्रहालयात मसाला भरून ठेवलेल्या मगरी आहेत, त्या पाहून चिरंजीव खूश झाले. पण वाटाड्याने देवळाकडे नव्हे, त्याच्या मागच्या अंधाराकडे बोट केले. "आमची नवी गावं तिकडे. इथून दिसायची नाहीत." नुबियन लोकांना वसवले ते याच भागात, पण नदीपासून दूर. काँक्रीटची घरे, सारी एका ओळीत, एका साच्याची. गावांना नावे मात्र जुनीच दिली. बल्लाना बुडाले, पण नवे बल्लाना आहे. अबू सिंबेल नावाचेही एक गाव तिथे आहे. "आमच्या आजीची तक्रार घराची नव्हती," तो म्हणाला. "ती म्हणायची, सकाळी उठल्यावर नदी कुठे आहे ते कळत नाही." घरी तो मुलांशी नुबियन बोलतो, मुलांना सगळे समजते, पण उत्तर अरबीत देतात. मला फिलेच्या भिंतीवरचा तो शेवटचा लेख आठवला. मी डोंबिवलीतल्या मराठी मुलांना मराठी शिकवतो. त्याने सांगितलेल्यावर मला काही भाष्य करवले नाही.

पुढचे दोन दिवस नेहमीच्या प्रवाशाचे गेले. एडफूला पहाटे घोडागाडीतून होरसच्या देवळात. ख्रिस्तपूर्व २३७ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. वाळूखाली जवळजवळ पुरे गाडले गेले होते म्हणूनच इतके शाबूत राहिले. एस्नाला बोट पाण्याच्या कुलपात शिरते. दोन्ही बाजूंना भिंती, पुढे-मागे दारे. दारे मिटली की खालचे पाणी उतरू लागते आणि आपण गच्चीवर उभे असताना शेजारच्या भिंती आपोआप उंच होत जातात. तत्पूर्वी फेरीवाले लहान होड्या बोटीला बांधून घेतात आणि झगे, चादरी पिशव्यांत घालून थेट गच्चीवर फेकतात. नको असेल तर परत फेकायचे, हवे असेल तर पैसे पिशवीत घालून फेकायचे! आम्ही भारतीय आहोत हे कळताच खालून "अमिताभ बच्चन!" अशी आरोळी आली आणि भाव उतरला. सौ. ने एक टेबलक्लॉथ घेतला. भुलेश्वरला घासाघीस शिकलेल्या बाईला नाईलवर कोण फसवणार?

लुक्सरला प्रवास संपतो. कर्नाकच्या सभामंडपात १३४ खांब आहेत. त्यांच्यामध्ये उभे राहिले की माणूस मुंगी होतो. लुक्सरच्या देवळापुढे दगडी स्तंभांची एक जोडी होती; त्यातला एक १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. देवळे जातात, स्तंभ जातात, नव्या जागी उभे राहतात आणि लोक तिकीट काढून त्यांना पाहायला येतात. धक्क्यावर निरोप घेताना वाटाडा सासूबाईंपुढे वाकला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उरलेल्या चकल्यांचा डबाच त्याच्या हाती दिला. "आजीच्या किल्लीला जप रे बाळा," त्या मराठीत म्हणाल्या. या वेळी कोणी भाषांतर केले नाही.

घरी आल्यावर मी धरणाविषयी पुष्कळ विचार केला. ज्या दिव्याखाली मी हे लिहितो आहे, त्यात कोयनेच्या विजेचाही वाटा असेल. धरणे नकोत, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण देऊळ हलवताना जगाने जसा प्रत्येक दगडावर आकडा घातला, कोणता कुठे बसेल याची चिंता केली, तशी चिंता माणसे हलवतानाही करता येते, एवढे मात्र मी अबू सिंबेलला शिकलो. ते तंत्र माणसाजवळ आहे.

या मे महिन्यात सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "बामणोलीला जाऊ या. बोटीत बसते मी." आम्ही गेलो. शिवसागराचे पाणी बरेच उतरले होते, काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. लाँचवाल्याने कुठे न्यायचे विचारले तेव्हा त्यांनी समोरच्या डोंगराच्या दोन शिखरांमधली खिंड दाखवली. "ती बरोब्बर डोईवर येईल तिथं थांब." तो पंचविशीचा मुलगा, त्याने काही न विचारता लाँच तिथे नेली आणि यंत्र बंद केले.

सासूबाईंनी पाण्यात हात बुडवला. नातवाला म्हणाल्या, "इथं विहीर. तिथं आंबा. आणि हे बघ, आत्ता आपण आमच्या अंगणात बसलोय."